टर्बो मोटारीचे इंजिन ऑइल : जाड नव्हे, योग्य हवे

बदलीचा आदेश हाती पडला की बँक अधिकाऱ्याच्या घरी कामांची एक लांबलचक यादी तयार होते. मुलांचे शाळेचे दाखले, सामानाची बांधाबांध, गॅसची जोडणी आणि दाराशी मोटार असेल तर तिच्या वाहतुकीची व्यवस्था. मोटार कर्जावर घेतलेली असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र, विमा आणि परिवहन कार्यालयातील नोंद यांची कागदपत्रेही आठवणीने सांभाळली जातात. नागपूरहून किंवा पुण्याहून निघालेली मोटार यथावकाश कोलकात्यात पोहोचते. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात चार ओळखी होतात, कोणीतरी जवळचे गॅरेज सुचवते आणि मोटारीच्या सर्व्हिसिंगची वेळ येते. अशा वेळी तेथील अनुभवी मिस्त्री आपुलकीने सल्ला देतो, ‘‘दादा, इथली गरमी आणि इथलं ट्रॅफिक वेगळं. कंपनीचं तेल पाण्यासारखं पातळ. जरा जाड तेल घालू, इंजिन टिकेल.’’

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि ऐकणाऱ्यालाही तो पटतो. उष्णतेने तेल पातळ होते, म्हणून उष्ण शहरात जाड तेल वापरावे, हा विचार वरवर पाहता तर्कशुद्ध वाटतो. परंतु मोटारीला टर्बोचार्जर असेल, तर हाच विचार महागात पडू शकतो. इंजिन ऑइलची श्यानता म्हणजे नेमके काय, डब्यावरील आकडे काय सांगतात आणि कोलकात्यासारख्या शहरात बदलायचे ते काय, हे प्रत्येक मोटारमालकाने एकदा समजून घेतले पाहिजे.

टर्बो मोटार सामान्यांच्या दारी

एकेकाळी टर्बो हा शब्द मालमोटारी आणि शर्यतीच्या गाड्या यांच्यापुरताच ऐकू येत असे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. ती भारतीय मध्यमवर्गाच्या दाराशी पोहोचण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली. ती येथे रुजण्यामागे अभियांत्रिकीइतकेच करांचे गणितही आहे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलवर १२०० किंवा डिझेलवर १५०० घनसेंटिमीटरपर्यंत क्षमतेच्या मोटारींना अबकारी करात सवलत दिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांतही याच मर्यादेतील मोटारींवर १८ टक्के, तर त्यापेक्षा मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर आहे. साहजिकच लहान इंजिनातून अधिक शक्ती मिळवणे निर्मात्यांना आवश्यक ठरले.

टर्बोचार्जर नेमके हेच काम करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतावर एक छोटे चाक फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेले चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. अधिक हवा म्हणजे अधिक इंधनाचे ज्वलन आणि अधिक शक्ती. एक लीटर क्षमतेचे जे तीन सिलिंडरी इंजिन टर्बोविना साधारण ६५ ते ७० अश्वशक्ती देते, त्याच आकाराचे टर्बो इंजिन १०० ते १२० अश्वशक्ती देऊ शकते.

ही किमया घडते ती अत्यंत कठोर परिस्थितीत. पेट्रोल इंजिनात टर्बोच्या एका चाकावर आदळणाऱ्या वायूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख किंवा त्याहूनही अधिक फेरे घेऊ शकतो. बहुतांश मोटारींत हा दांडा तेलाच्या अतिशय पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. दांडा आणि बेअरिंग यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. टर्बोसाठी वेगळे तेल नसते. इंजिनातले तेलच तेथे जाते, दांड्याला आधार देते, उष्णता शोषून घेते आणि पुन्हा तळाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरते. म्हणूनच टर्बो मोटारीत तेलाची निवड अधिक काटेकोर असावी लागते.

श्यानता म्हणजे काय?

श्यानता म्हणजे द्रवाने वाहण्यास केलेला अंतर्गत विरोध. गॅरेजमध्ये तिलाच व्हिस्कॉसिटी किंवा नुसते ग्रेड म्हणतात, तर बोलण्यात आपण तेलाचा जाडपणा म्हणतो. थंडीत बरणीतली काकवी संथपणे ओघळते आणि तीच गरम केली की भरभर वाहते. हिवाळ्यात कोलकात्याच्या बाजारात येणाऱ्या खजुराच्या पातळ गुळाचा अनुभवही असाच असतो. तापमान वाढले की श्यानता घटते, हा या विषयातील पहिला नियम.

इंजिनाला मात्र परस्परविरोधी गोष्टी हव्या असतात. सकाळी सुरू करताना तेल झटपट सर्वत्र पोहोचावे आणि तापल्यावर ते इतके पातळ होऊ नये की धातूवर धातू घासेल. पूर्वी यासाठी एकाच ग्रेडचे, जसे ‘चाळीस नंबरचे’, तेल वापरले जाई. आजची बहुश्रेणी तेले दोन्ही टोके सांभाळतात. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांचे पहिले वर्गीकरण केले. त्याची सुधारित आवृत्ती आजही जगभर वापरली जाते.

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ ही खूण याच वर्गीकरणातील आहे. गॅरेजमध्ये तिला ‘पाच-तीस’ म्हणतात. यातील डब्ल्यू हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याचे निदर्शक आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो, पण तो अंशांचा आकडा नव्हे. ५डब्ल्यू तेलाची श्यानता शून्याखाली ३० अंशांवर, तर १५डब्ल्यू तेलाची शून्याखाली २० अंशांवर ठरावीक मर्यादेत असावी लागते. आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते.

दुसरा आकडा इंजिन तापल्यानंतरची श्यानता दर्शवतो. १०० अंश सेल्सिअसला ‘२०’ ग्रेडची श्यानता ६.९ ते ९.३, ‘३०’ ची ९.३ ते १२.५, ‘४०’ ची १२.५ ते १६.३ आणि ‘५०’ ची १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक या मर्यादांत असते. म्हणजेच ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० ही दोन्ही तेले तापल्यावर एकाच गटातील असतात. फरक असतो तो सुरुवातीचा.

उन्हाळ्याचा गैरसमज

आता कोलकात्याच्या उष्णतेकडे वळू. शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत जातो. जानेवारीच्या पहाटे तो १२ अंशांच्या आसपास उतरतो. ही उष्णता माणसाला असह्य होते, परंतु इंजिनाच्या दृष्टीने ती ‘थंड’च असते. इंजिनातील थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांच्यामुळे शीतक द्रवाचे तापमान साधारणतः ९० अंशांच्या आसपास राखले जाते. बाहेर २० अंश असोत वा ४०, शीतक व्यवस्था नीट चालत असेल तर आतल्या तापमानात तितका फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ५डब्ल्यू-३० तेलाची श्यानता १०० अंशांना सुमारे १० ते १२ सेंटीस्टोक असते आणि ४० अंशांना ती साधारण ६० ते ७० सेंटीस्टोक भरते. याचा अर्थ असा की, मे महिन्यातील भर दुपारी मोटार सुरू करतानाही ‘पाण्यासारखे पातळ’ वाटणारे हे तेल इंजिनाच्या कामकाजाच्या गरजेपेक्षा पाच-सहापट जाड असते. २०डब्ल्यू-५० तेल तर त्याच तापमानाला त्याच्या दुपटीहून अधिक जाड असते. जानेवारीच्या पहाटे हे अंतर आणखी वाढते. त्यामुळे उष्ण शहरातही सुरुवातीचा प्रश्न तेल पातळ असण्याचा नसतो, ते जाड असण्याचा असतो.

नागपूरच्या ४५ अंशांतून कोलकात्यात आलेल्या मोटारीची ग्रेड म्हणूनच बदलण्याचे कारण नाही. दार्जिलिंगच्या सहलीसाठीही ती बदलावी लागत नाही, कारण तेथील हिवाळा ५डब्ल्यू तेलाच्या क्षमतेपुढे सौम्यच आहे.

अँबॅसडरचा वारसा

मग जाड तेलाचा हा आग्रह आला कोठून? त्याचे उत्तर कोलकात्याच्या मोटार-संस्कृतीतच आहे. शहराच्या उत्तरेला असलेल्या उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात अँबॅसडर मोटार अर्धशतकाहून अधिक काळ तयार होत होती. मे २०१४ मध्ये ते उत्पादन थांबले. पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने या मोटारीने शहरातील मिस्त्र्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या. तिच्या इंजिनाच्या भागांतील फटी आजच्या तुलनेने मोठ्या, वेग मध्यम आणि रचना साधी. अशा इंजिनाला २०डब्ल्यू-४० सारखे तेल मानवत असे. लाखो किलोमीटर धावून झिजलेल्या टॅक्सीत जाड तेल घातले की आवाज कमी होई, धूर घटे आणि तेलाचा खपही आवरे. अनुभवातून आलेले ते ज्ञान त्या यंत्रापुरते खरेच होते.

वंगणाच्या व्यवसायाशीही या शहराचे नाते जुने आहे. १ फेब्रुवारी १८६७ रोजी येथे स्थापन झालेली बामर लॉरी ही आज सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी असून तिची वंगणे ‘बामरॉल’ या नावाने विकली जातात. ‘वीडॉल’ या नावाने ओळखली जाणारी टाइड वॉटर ऑइल कंपनीही कोलकात्याचीच. तिने २०११ साली वीडॉल इंटरनॅशनल ही विदेशी कंपनी विकत घेतली आणि २०२४ साली स्वतःचे नावही वीडॉल कॉर्पोरेशन असे केले. १९७५ साली सुरू झालेल्या हल्दिया येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात वंगणांसाठी लागणारे मूळ तेल तयार होते. अशा शहरातील मिस्त्रीला तेल कळत नाही, असे कोणी म्हणणार नाही. बदलले आहे ते इंजिन. त्यासाठी जुना नियम पुरेसा राहिलेला नाही.

जाड तेलाने टर्बोचे काय होते?

तेलाचा दाब आणि तेलाचा प्रवाह या दोन भिन्न गोष्टी आहेत. जाड तेल घातल्यावर दाब वाढलेला दिसतो आणि मालकाला समाधान वाटते. परंतु दाब वाढण्याचे कारण तेल अडखळत आहे, हेच असू शकते. टर्बोच्या बेअरिंगला प्रवाहाची गरज असते. तेच तेल तेथील उष्णता वाहून नेत असते. सुरू करताना तेल उशिरा पोहोचले, तर तेवढे क्षण दांडा अपुऱ्या वंगणावर फिरतो. थंड व जाड तेल फिल्टरमधून सहज जात नाही. तेव्हा फिल्टरची पर्यायी झडप उघडते आणि काही तेल न गाळलेलेच पुढे जाते. झडपांच्या उघडझापीची वेळ बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनला ताण देणारे भागही तेलाच्या दाबावर चालतात. ते विशिष्ट श्यानता गृहीत धरूनच बनवलेले असतात. याशिवाय जाड तेल ढवळण्यात शक्ती खर्च होऊन इंधनाचा खप वाढतो, ते निराळेच.

याचा अर्थ जितके पातळ तितके चांगले, असाही नव्हे. निर्मात्याने ‘५डब्ल्यू-४०’ सांगितले असताना इंधन वाचावे म्हणून ‘०डब्ल्यू-२०’ घातल्यास तप्त बेअरिंगमधील तेलाचा थर तुटण्याचा धोका असतो. हा थर किती भक्कम आहे, हे तपासण्यासाठी १५० अंश तापमानाला, जोराच्या घुसळणीखाली श्यानता मोजतात. तिला एचटीएचएस असे संक्षिप्त नाव आहे. ‘२०’ ग्रेडसाठी हे मूल्य किमान २.६, ‘३०’ साठी किमान २.९ आणि ५डब्ल्यू-४० साठी किमान ३.५ असावे लागते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले दोन डबे एकसारखे असतीलच असे नाही. युरोपीय निर्मात्यांच्या एसीईए या संघटनेच्या ‘सी२’ वर्गात हे मूल्य किमान २.९, तर ‘सी३’ वर्गात किमान ३.५ लागते. म्हणून केवळ ‘पाच-तीस’ एवढे सांगून तेल विकत घेणे म्हणजे खातेक्रमांकाविना केवळ नावावर पैसे भरण्यासारखे आहे.

ग्रेडसोबत दर्जाही पाहावा

श्यानता हा तेलाचा एक गुण झाला. तेलात घातलेल्या रासायनिक द्रव्यांचा दर्जा वेगळा मोजला जातो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत कमी वेगावर अधिक भार पडला की इंधन वेळेपूर्वीच पेट घेण्याचा प्रकार घडू शकतो. त्याने पिस्टनला तडेही जाऊ शकतात. तेलातील कॅल्शियमयुक्त द्रव्यांचे प्रमाण याला हातभार लावते, असे आढळले. त्यानंतर अमेरिकेतील एपीआय संस्थेने २०२० साली लागू केलेल्या ‘एसपी’ श्रेणीत यापासून संरक्षणाची चाचणी समाविष्ट केली. २०२५ साली तिच्यापुढची ‘एसक्यू’ श्रेणी आली. पेट्रोल टर्बो मोटारीसाठी पुस्तिकेत सांगितलेली श्रेणी किंवा तिच्या नंतरची श्रेणी निवडावी, मागची कधीही नाही.

डिझेल मोटारींचा प्रश्न वेगळा आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा निकषांमुळे डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आला. तेल जळून उरणारी राख या फिल्टरमध्ये साचते आणि काजळीप्रमाणे ती जाळून टाकता येत नाही. म्हणून या मोटारींना कमी राखेचे तेल सांगितलेले असते. जुन्या डिझेल गाडीचे उरलेले तेल नव्या गाडीत ओतणे ही काटकसर नव्हे. त्याने मोटारीतील एक महागडा भाग निकामी होऊ शकतो.

बदलायची ती मुदत

मग कोलकात्याच्या रहदारीचा परिणाम होतच नाही का? होतो, आणि चांगलाच होतो. मात्र त्याचे उत्तर तेलाच्या जाडपणात शोधण्याऐवजी ते बदलण्याच्या मुदतीत शोधावे लागते.

टॉमटॉम या डच कंपनीच्या २०२४ सालच्या वाहतूक निर्देशांकात कोलकाता जगातील सर्वांत संथ शहरांत दुसरे ठरले. दहा किलोमीटर जाण्यास येथे सरासरी सुमारे साडेचौतीस मिनिटे लागली. हाच हिशेब पुढे नेला तर दहा हजार किलोमीटरसाठी इंजिन ५७५ तास चालते. महामार्गावर ताशी ५० किलोमीटर सरासरीने तेच अंतर २०० तासांत कापले जाते. किलोमीटर दर्शवणारा आकडा दोन्ही मोटारींत सारखाच, परंतु शहरातील तेलाने जवळजवळ तिप्पट तास काम केलेले असते.

शिवाय घर ते कार्यालय अशा छोट्या फेऱ्यांत तेल पुरते तापत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरून थोडे पेट्रोल तेलात उतरते आणि त्याची श्यानता घटवते. महामार्गावरील लांब फेरीत ते उडून जाते, गर्दीत मात्र साचत राहते. डिझेल मोटारीत काजळीच्या फिल्टरची सफाई अर्धवट राहिली की असेच डिझेल तेलात मिसळते. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर आनंद न मानता तत्काळ सर्व्हिस केंद्र गाठावे. बहुश्रेणी तेलातील श्यानता टिकवणारी द्रव्येही सततच्या घुसळणीने तुटत जातात. अशा मिसळलेल्या, थकलेल्या तेलावर जाड तेल हा उपाय होत नाही. ताजे तेल हाच खरा उपाय.

बहुतेक मोटारींच्या पुस्तिकेत ‘कठीण परिस्थितीतील वापर’ या अर्थाचे एक वेगळे कोष्टक असते. सततची कोंडी, बराच वेळ इंजिन जागच्या जागी चालू राहणे, छोट्या फेऱ्या आणि धूळ यांचा त्यात उल्लेख असतो. कोलकात्यातील रोजचा वापर बहुधा याच कोष्टकात बसतो आणि तेथे तेल बदलण्याचे अंतर कमी दिलेले असते. किलोमीटर कमी झाले तरी महिन्यांची मर्यादा पाळावी. ‘यांपैकी जे आधी येईल ते’ हे शब्द कर्जाच्या करारातील अटींइतकेच लक्षपूर्वक वाचावेत.

पावसाळ्यात रस्ते जलमय होणे कोलकात्याला नवे नाही. २३ सप्टेंबर २०२५ च्या पावसात ते पुन्हा अनुभवास आले. मोटार पाण्यात उभी राहिली असेल तर ती सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. डिपस्टिकवरील तेल दुधाळ चहासारखे दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. अशा तेलाची ग्रेड कोणतीही असो, ते निरुपयोगीच.

शक्तिगडचा थांबा

योग्य तेलालाही चालकाच्या सवयींची साथ लागते. रविवारी सकाळी कोलकात्याहून वर्धमानच्या दिशेने भरधाव निघालेली कुटुंबे शक्तिगडला लांग्चा खाण्यासाठी हमखास थांबतात. महामार्गावरून वेगाने येऊन, मोटार उभी करून लगेच इंजिन बंद केले, तर टर्बोचा दांडा अतितप्त असतानाच तेलाचा प्रवाह थांबतो. तेथे अडकलेले तेल भाजून त्याचा कोळसा होतो. कढईच्या कडेला करपलेल्या तेलाची पुटे बसतात, तसाच हा प्रकार. कालांतराने तो तेलाच्या बारीक वाटा बुजवतो. आजच्या अनेक टर्बोंना पाण्याने थंड करण्याची सोय असते आणि उत्तम संश्लेषित तेल अधिक उष्णता सोसते. तरीही शेवटचा एखादा किलोमीटर सावकाश चालवणे किंवा थांबल्यावर अर्धा ते एक मिनिट इंजिन चालू ठेवणे हिताचे. सकाळी सुरू केल्यावरही पहिली काही मिनिटे जोराने वेग वाढवू नये. या दोन्ही सवयींना एक पैसाही पडत नाही.

काटकसर आणि जोखीम

सात वर्षांच्या मुदतीचे वाहनकर्ज म्हणजे ८४ मासिक हप्ते. मोटारीचे इंजिन बिघडले म्हणून हप्ता थांबत नाही. मोटारविम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड यांची भरपाई मिळत नाही, हे अनेकांना बिघाड झाल्यानंतरच कळते. निर्मात्याची हमीही पुस्तिकेनुसार देखभाल केली असेल तरच उपयोगी पडते. सांगितलेल्या तेलाऐवजी वेगळे तेल वापरल्याने इंजिन किंवा टर्बो निकामी झाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो. तेलाच्या एका बदलात वाचलेले काहीशे रुपये एका बाजूस आणि नवा टर्बो व दुरुस्ती यांचा हजारोंच्या घरातील खर्च दुसऱ्या बाजूस, असा हा सौदा आहे. जोखीम आणि परतावा यांचे मोजमाप जाणणाऱ्या वाचकाला त्यावर अधिक भाष्याची गरज नाही.

म्हणून तेल अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावे, डब्याचे सील पाहावे आणि डबा आपल्यासमोर उघडण्यास सांगावे. पक्की पावती घेऊन त्यावर ग्रेड, दर्जाची श्रेणी, तारीख व किलोमीटर यांची नोंद करवून घ्यावी. हमीचा दावा करताना हाच कागद उपयोगी पडतो. पुढे मोटार विकतानाही अशी नीट ठेवलेली फाइल खरेदीदाराचा विश्वास वाढवते.

अपवाद कोणते?

ग्रेड बदलण्यास अजिबात वाव नसतो, असेही नाही. काही पुस्तिकांत बाहेरील तापमानानुसार दोन-तीन पर्याय दिलेले असतात. त्यांतील कोणताही पर्याय निःशंकपणे निवडता येतो. मोटार जुनी होऊन तेल पिऊ लागली असेल, तर अधिकृत सर्व्हिस केंद्राच्या सल्ल्याने त्या यादीतील किंचित जाड पर्याय घेता येईल. परंतु निळसर धूर आणि घटणारे तेल ही लक्षणे आहेत. टर्बोचे बेअरिंग झिजले आहे की तेल परतण्याची नळी तुंबली आहे, याचा शोध न घेता जाड तेल घालणे म्हणजे ताप न तपासता पांघरूण वाढवणे होय.

लक्षात ठेवण्याजोगे

• पुस्तिकेतील ग्रेड आणि दर्जाची श्रेणी, दोन्ही एका चिठ्ठीवर लिहून ती मोटारीच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.
• बाहेरच्या उकाड्यावरून तेलाची ग्रेड ठरवू नये.
• कोंडीतील रोजच्या वापरासाठी पुस्तिकेतील कठीण परिस्थितीचे कोष्टक पाळावे. तेलासोबत फिल्टरही बदलावा.
• आठवड्यातून एकदा, मोटार सपाट जागी उभी करून व इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तेल कमी नको, तसेच खुणेच्या वरही नको.
• वेगाच्या प्रवासानंतर टर्बोला निवण्यास थोडा अवधी द्यावा.

पुढच्या वेळी गॅरेजमधील मिस्त्री जाड तेलाचा आग्रह धरील, तेव्हा वाद घालण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे पुस्तिकेचे ते पान उघडावे आणि म्हणावे, ‘‘दादा, तेल हेच घाला, फक्त या वेळी जरा लवकर बदलू.’’ तेलाची ग्रेड ठरवावी निर्मात्याने आणि मुदत ठरवावी शहराने. एवढे सूत्र सांभाळले, तर शेवटचा हप्ता फिटल्यानंतरही मोटार पहिल्या दिवसाच्या उमेदीने दाराशी उभी राहील.